पाडव्याचे पान आणि घरातली मधुमेही माणसे

चैत्र शुद्ध प्रतिपदेला हैदराबादेतील आपल्या घरांवर गुढी उभी राहते, आणि त्याच सकाळी शेजारच्या तेलुगू घरात उगादीची पच्चडी तयार होते. दोन्ही समाजांची पंचांगे अमान्त असल्यामुळे वर्षारंभ एकाच दिवशी येतो. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पण काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी ही शेजारधर्माची देवाणघेवाण सोडली नाही. आपल्याकडून श्रीखंडाची वाटी जाते, त्यांच्याकडून भक्ष्यालू, म्हणजे आपलीच पुरणपोळी, येतात. परिणामी इथल्या मराठी माणसाचा पाडवा दुप्पट गोड होतो!

हे सुख आहे, यात शंका नाही. परंतु आज बहुतेक प्रत्येक घरात निदान एक तरी मधुमेही माणूस पानावर बसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले. सणाच्या दिवशी या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न गृहिणीपुढे दरवर्षी उभा राहतो. मामंजींना वेगळे, अळणी, बेचव पान वाढले की ते मनातून खट्टू होतात. सर्वांसारखे वाढले, तर ‘आजचा दिवस चालते’ म्हणून तीन पोळ्या आणि वर साजूक तूप होते. दोन्ही मार्ग मला पसंत नाहीत. सर्वांचे पानच असे असावे की, त्यांना वेगळे काढावे लागू नये.

हिशेबासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. पोषणशास्त्राची देशातील अग्रगण्य संस्था आपल्या तार्नाक्यालाच आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेले हे कार्य १९५८ मध्ये हैदराबादला आले, तेव्हा डॉ. व्ही. एन. पटवर्धन हे तिचे संचालक होते. पुढे १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांवरून पाहू. १०० ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीत ३७२ उष्मांक आणि सुमारे २१ ग्रॅम प्रथिने असतात. साखरेचे उष्मांक ३९८, गुळाचे ३८३. म्हणजे ‘गुळाची आहे, चालेल’ हे वाक्य मधुमेह्याच्या बाबतीत मुळीच चालणारे नाही. (खजुराचे पुरण करून निश्चिंत होणाऱ्या भगिनींनाही हेच सांगावेसे वाटते.)

एका बेताच्या पोळीला डाळ, गूळ आणि कणीक प्रत्येकी ३० ग्रॅम धरली व वर चमचाभर तूप घेतले, तर पावणेचारशेच्या घरात उष्मांक होतात. तीन पोळ्यांत अकराशे! डाळीला बरोबरीने गूळ न घालता दोनतृतीयांश घातला, पोळी पुरीहून थोडी मोठी इतकीच लाटली आणि तूप अर्धा चमचा ठेवले, तर हाच आकडा २१५ च्या आसपास येतो. वेलदोडा व जायफळ सढळ हाताने घातल्यास गूळ कमी झाल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. श्रीखंडाचे तसे नाही. चक्क्याइतकीच साखर घालण्याच्या पद्धतीत एका वाटीत सहज ५० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये २००० उष्मांकांच्या आहारासाठी दिवसभराची जी कमाल मर्यादा सुचविली, ती तेवढीच आहे. म्हणून दोन्ही पक्वान्ने करू नयेत. पुरणपोळी करावी, श्रीखंड शेजारणीला पाठवण्यापुरते ठेवावे, आणि तिच्या भक्ष्यालूंचा स्वीकार दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीसाठी करावा.

आता पानाची डावी बाजू. आपल्या पूर्वजांनी चटणी, कोशिंबीर, लिंबू यांना मानाची जागा दिली, पण प्रमाण मात्र चिमूटभर ठेवले. ते प्रमाण वाढवावे. फाल्गुन-चैत्रात इथल्या रयतू बाजारांत पिवळी दोसकाया, दोडकी, शेवग्याच्या शेंगा आणि कैऱ्या मुबलक असतात. दोसकायेची कोशिंबीर वाटीभर, दोडक्याची भाजी वाटीभर, आणि कटाच्या आमटीत शेवग्याच्या शेंगा. आंबेडाळ तर चैत्रगौरीची वाट न पाहता पाडव्यालाही करावी: भिजवलेली डाळ, कैरी, मिरची आणि चमचाभर तेलाची फोडणी, प्रथिनेही मिळतात आणि उन्हात तोंडाला चवही येते. भात मुदीपुरता. तळणात एकच जिन्नस, कुरडई किंवा भजी. दोन्हींचा हट्ट सोडावा. शेवटी जिरे घातलेले ताक.

वाढण्याचा क्रमही थोडा बदलावा, असे मी सुचवीन. आपण पहिला घास वरणभाताचा घेतो. भाजी, कोशिंबीर व डाळ आधी आणि भात व गोड नंतर घेतल्यास जेवणानंतर रक्तातील साखर तितकी झपाट्याने चढत नाही, असे अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे. नैवेद्याच्या ताटाला हात लावायचे कारण नाही. पंगतीच्या पानावर पोळी दहा मिनिटे उशिरा वाढली की काम झाले. आग्रह करायचाच असेल तर कोशिंबिरीचा करावा.

गोडाची चिंता सगळेच करतात. नैवेद्याच्या वेळेची चिंता मात्र फारसे कुणी करीत नाही, आणि तेथला धोका अधिक तातडीचा असतो. मधुमेह्याने सकाळी सवयीप्रमाणे गोळी किंवा इन्शुलिन घेतलेले असते. पूजा लांबते, पुरण शिजायला वेळ लागतो, पाहुणे उशिरा येतात आणि पान वाढायला दोन वाजतात. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात असून अन्न नसेल तर रक्तातील साखर एकाएकी खाली जाते. घाम फुटतो, हात कापतात, बोलण्यात गोंधळ होतो. घरातली माणसे ‘उन्हाने झाले’ म्हणून त्यांना पंख्याखाली निजवतात, आणि मोलाचा वेळ जातो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

त्यापेक्षा आठ वाजता नित्याची न्याहारी द्यावी, हे उत्तम. आजारी व वृद्ध माणसांना उपासाच्या नियमांतून सूट देण्याची आपली रीत जुनीच आहे. देवाला त्यात वावगे वाटणार नाही. गोड खाणार म्हणून एक गोळी जास्त घेणे, किंवा कडुनिंब खाल्ला म्हणून गोळी टाळणे, हे दोन्ही उद्योग करू नयेत. सणाच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून ठेवावे. आणि हे नियम स्वयंपाकघरात तीन वाजेपर्यंत उपाशी राहणाऱ्या बाईलाही लागू आहेत. तिला मधुमेह असेल, तर तिची न्याहारी कुणीतरी आठवणीने तिच्यासमोर ठेवली पाहिजे. ती स्वतःहून बसणार नाही.

कडुनिंबाविषयी एवढेच, की आपली कोवळी पाने, भिजवलेली डाळ, जिरे व हिंग यांची चटणी आणि तेलुगू घरची वेपपुव्वूची, म्हणजे कडुनिंबाच्या फुलांची पच्चडी, या दोन्ही चमचाभर घ्याव्यात. पच्चडीत गूळ असतो. तेलंगणात ती पातळ करून प्यायचीही पद्धत आहे, तेव्हा मधुमेह्याने पेलाभर पिऊ नये.

रात्री पुन्हा पुरण नको. ज्वारीची भाकरी, उरलेली आमटी आणि काकडी पुरे. नवव्या दिवशी रामनवमी येते. तेव्हा शेजारून गुळाचे पानकम् आणि भिजवलेल्या मुगाच्या डाळीचे वडपप्पू येईल. पानकम् मुलांना द्यावे, वडपप्पूवर कैरी किसून मामंजींना.