अनुभवी सहायक आणि बरणीवरील चिठ्ठी

गोदंती भस्म आणि शंख भस्म यांच्या बरण्यांवरील चिठ्ठ्या काढल्या, तर केवळ रंगावरून त्या ओळखणे निष्णात वैद्यालाही कठीण. आमच्या इंदिरानगर येथील चिकित्सालयातील सहायक मात्र 'मला नजरेने कळते' असे म्हणत. औषधे करण्यात त्यांचा हात उत्तम. अवलेहाचा पाक त्यांच्याइतका अचूक आम्हालाही साधत नाही. परंतु नवे भस्म जुन्या बरणीतच ओतावयाचे, चिठ्ठी मागाहून लावावयाची आणि आठवड्याच्या नोंदी शनिवारी एकदम करावयाच्या, ही त्यांची रीत. वारंवार सांगूनही ती बदलली नाही. अखेर बिनचिठ्ठीची एक भरलेली बरणी आम्हांस टाकून द्यावी लागली.

विक्रीसाठी औषधे बनविणाऱ्यांना औषधे नियम, १९४५ मधील 'शेड्यूल टी' लागू आहे. कच्च्या द्रव्यावर चिठ्ठी आणि प्रत्येक बॅचची नोंद त्यात बंधनकारक आहे. केवळ स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास त्यातून सूट मिळते, आणि बहुधा या सुटीमुळेच आपल्याकडील शिस्त सैल पडते. भस्माच्या बाबतीत द्रव्य वाया गेले, एवढ्यावर निभावले. हाच प्रकार शोधित व अशोधित वत्सनाभाच्या बाबतीत घडला असता तर रुग्णाच्या प्राणाशी गाठ होती.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचाराचे ज्ञान, दक्षता, स्वामीविषयी अनुराग आणि शौच. हे चारही या गृहस्थांत आहेत, हे ध्यानात आल्यावर आम्ही रागावणे सोडून विचारणे आरंभिले. उत्तरे साधी होती. नोंदवही बाहेरच्या टेबलावर, आणि खल करताना हात भरलेले. रकाने इंग्रजीत, त्यामुळे लिहिण्याचा संकोच. जुनी बरणी रिकामी न करण्यामागे तर आमचेच द्रव्य वाचविण्याचा हेतू! शेवटी त्यांनी हळूच विचारले, 'डॉक्टर, आपण कपाटातून पुडी काढता तेव्हा नोंद करता का?' आम्ही निरुत्तर झालो.

नोंदवही आता मराठीत असून वजनकाट्याशेजारी दोरीने पेन बांधून ठेवली आहे. रिकाम्या बरणीस आधी चिठ्ठी, मगच भस्म, असा क्रम लेखी लावला आहे. आमच्या पुडीचीही नोंद होते.

एवढे करूनही कोणी ऐकत नसेल तर? आपले कित्येक व्यवसायबंधू रुग्णांदेखत ओरडतात आणि नंतर एकदम कामावरून काढतात. मधल्या पायऱ्याच नसतात. प्रथम एकांतात समज द्यावी. पुढील वेळी कोणत्या दिवशी काय घडले ते लिहून द्यावे व त्याच कागदावर त्याचे म्हणणे घ्यावे. वाद उद्भवल्यास हाच कागद उपयोगी पडतो, आणि लिहिताना पुष्कळदा आपलाच आरोप किती ढोबळ होता हे कळते. त्यानंतर ते विशिष्ट काम काढून घ्यावे. कामावरून कमी करणे सर्वांत शेवटी. विषद्रव्यांच्या कपाटाबाबत मात्र आम्ही पायऱ्या ठेवलेल्या नाहीत. पहिल्या चुकीलाच किल्ली परत घेतो.

बरणी टाकून दिली त्या दिवशी ही किल्ली आम्ही घेतली व दोन महिने स्वतःकडे ठेवली. आता ती पुन्हा सहायकांकडे आहे. शनिवारची सवय मात्र पुरती गेलेली नाही. सलग सहा दिवसांच्या नोंदी एकाच शाईत दिसल्या की आम्ही वही घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसतो.