पाना पाठीवर नको!

ताम्हिणी घाटात बाईक बंद पडली तर मेकॅनिक लगेच थोडाच मिळणार? टूल्स हवेतच, पण पाठीवरच्या सॅकमध्ये नकोत. पडलो तर तोच पाना मणक्याला लागतो! मी पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर जुन्या कापडात घट्ट गुंडाळून सीटखाली ठेवतो. खडखड होत नाही. स्पार्क प्लग त्याच्या खोक्यातच. स्पेअर क्लच केबल जुन्या केबलच्या शेजारूनच बांधायची, टोकांना टेप. तुटली की फक्त टोकं जोडा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना, हे बघाच. टायरमध्ये ट्यूब असेल तर स्पेअर ट्यूब आणि लिव्हर, ट्यूबलेस असेल तर पंक्चर किट; पंप दोघांनाही. जड सामान खाली, मध्यभागी. मग सॅकमध्ये काय? रेनकोट आणि मेसचे पराठे!