सिंगापूरचा रिकामा डबा

मधली सुट्टी झाली! घंटा वाजली, डबे उघडले, अंगतपंगत सुरू! कुणाच्या डब्यात पोळी-भाजी, कुणाच्या थालीपीठ, कुणाच्या साबुदाण्याची खिचडी.

कोपऱ्यात एक मुलगा बसलाय. त्यानेही डबा उघडला. आत काय असेल? एक उकडलेलं अंडं आणि पालेभाजीच्या चार काड्या! बस्स!

पण दोस्तांनो, गंमत बघा. हा मुलगा रोज पोटभर जेवतो. चांगला गुटगुटीत आहे! कसा काय? तो वर्गातल्या सगळ्यांच्या डब्यांतून एकेक घास घेतो. फुकट नाही हं! प्रत्येक घासाचे पैसे मोजतो.

या मुलाचं नाव सिंगापूर. खरं तर तो मुलगा नाहीच. अख्खा देश आहे!

हा देश केवढा असेल? ओळखा पाहू! आपल्या पुणे जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि त्यात सिंगापूर ठेवत जा. एक, दोन, तीन... वीस सिंगापूर आरामात मावतील! आणि एवढ्याशा जागेत राहतात किती माणसं? साधारण ६० लाख!

एवढ्या माणसांना घरं हवीत. शाळा हव्यात, रस्ते हवेत, विमानतळ हवा, बंदर हवं. मग शेतीला जागा कुठून उरणार? एके काळी तिथेही शेतं होती, डुकरं आणि कोंबड्या पाळल्या जायच्या. हळूहळू त्या जागी उंच इमारती आल्या. आज शंभर पावलं जमीन असेल, तर शेतीच्या वाट्याला येतं जेमतेम एक पाऊल! भाताची शेतं तर नाहीतच. आणि लोक कसे? भाताशिवाय ज्यांचं पान हलत नाही असे!

म्हणून तिथल्या ताटातल्या दर शंभर घासांपैकी नव्वदांहून जास्त घास परदेशातून येतात. विश्वास बसतो का?

पैसे कुठून येतात, असं तुम्ही विचारणारच. जगातल्या सगळ्यांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक सिंगापूरचं आहे. शिवाय तिथे यंत्रं बनतात, कॉम्प्युटरच्या चिप बनतात, खनिज तेल शुद्ध होतं. त्या कमाईतून येतात तांदूळ, भाज्या, फळं, मासे. अंडी तर पार पोलंड आणि युक्रेनहूनसुद्धा येतात. अंडं, आणि तेही न फुटता, अर्ध्या जगाचा प्रवास करून! आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो, तरी एखादं फुटतंच!

आता एक कोडं. समजा, या मुलाने रोज एकाच मित्राच्या डब्यातून खाल्लं आणि तो मित्र एक दिवस शाळेतच आला नाही. मग?

अगदी तस्संच झालं, २०२२ साली! सिंगापूरचा शेजारी मलेशिया. दोघांमध्ये चिंचोळा समुद्र आणि त्यावर जेमतेम एक किलोमीटरचा रस्ता. त्या रस्त्याने ट्रक भरभरून जिवंत कोंबड्या यायच्या. सिंगापूरच्या चिकनचा साधारण तिसरा हिस्सा मलेशियातूनच यायचा. पण तिथे कोंबड्यांचं खाद्य महागलं, चिकन महागलं, लोक कुरकुरू लागले. मग १ जून २०२२ पासून मलेशियाने सांगून टाकलं, ‘आता कोंबड्या बाहेर पाठवणार नाही!’

अरे बापरे! सिंगापूरचा लाडका पदार्थ कोणता, माहीत आहे? चिकन राइस! आपल्याकडे वडापाव मिळणं बंद झालं तर कसा गोंधळ उडेल? तसाच तिथे उडाला. काही ठेलेवाल्यांना तर ठेला बंद ठेवावा लागला.

पण सिंगापूर रडत बसलं नाही. ब्राझीलचं गोठवलेलं चिकन होतंच. महिन्याभरात त्यांनी इंडोनेशियाकडूनही चिकन घ्यायचं ठरवलं. अंगतपंगतीत आणखी एक मित्र!

पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. त्या गोष्टीत कोण आहे, ओळखा! आपण! जुलै २०२३ मध्ये भारताने बासमती सोडून इतर पांढरा तांदूळ बाहेर पाठवणं थांबवलं. देशात तांदूळ महागत होता, आधी घरच्यांना पुरायला हवा ना! सिंगापूरने विनंती केली. मग भारताने त्यांच्यासाठी खास ५०,००० टन तांदूळ पाठवायची परवानगी दिली. म्हणजे किती? तब्बल पाच कोटी किलो!

आता कळलं ना, सिंगापूर एकाच्याच पानाला पान लावून का बसत नाही? त्याच्या पंगतीत १७० हून जास्त देश-प्रदेश आहेत! एक आला नाही, तर दुसरा आहेच.

त्याची दुसरी युक्ती तुमच्या आजीला विचारा, ती लगेच ओळखेल. साठवण! आजी पावसाळ्याआधी डबे भरून ठेवते ना? तिथे तांदूळ आणणाऱ्या व्यापाऱ्यांना नियमच आहे. महिन्याला जेवढा तांदूळ आणता, त्याच्या दुप्पट साठा कायम ठेवायचा!

आणि तिसरी युक्ती? थोडं तरी घरी पिकवायचं! पण जमीन कुठाय? मग वर बघा! गाड्या ठेवायच्या बहुमजली इमारतींच्या गच्चीवर भाज्या! बंद खोलीत दिव्यांच्या उजेडात भाज्या! एका शेतात तर चक्क जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखे फिरते वाफे केले. रोपं सावकाश वर जातात, ऊन खातात आणि खाली येऊन पाणी पितात. तिकीट न काढता पाळण्यात बसायला मिळतं त्यांना!

२०१९ मध्ये सिंगापूरने जाहीर केलं, ‘२०३० पर्यंत लागणाऱ्या पोषणापैकी ३० टक्के आम्ही घरीच पिकवू!’ जमलं का? नाही! दिव्यांना वीज लागते आणि वीज महाग. तिथली भाजी बाहेरून आलेल्या भाजीपेक्षा महाग पडायची. काही शेतं बंदच पडली. शेवटी २०२५ मध्ये त्यांनी ते लक्ष्य बाजूला ठेवलं आणि शांतपणे विचार केला. छोट्या जागेत काय चांगलं होतं? अंडी, मासे, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, अळंबी!

अंडी आणि मासे देतात प्रथिनं, म्हणजे आपलं शरीर बांधणाऱ्या विटा. भाज्या देतात तंतू. ते पोटात झाडूसारखं काम करतात. आता नवं लक्ष्य असं, २०३५ पर्यंत प्रथिनांचा ३० टक्के आणि तंतूंचा २० टक्के वाटा घरचा हवा. अंड्यांत तर त्यांनी बाजी मारलीच आहे. तिथल्या दर तीन अंड्यांमधलं साधारण एक अंडं घरचं असतं! म्हणूनच तर त्या रिकाम्या डब्यात एक अंडं होतं!

आणि आपला डबा? तो सगळा घरचा असतो, असं वाटतं ना? थांबा! भारतात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून. आणि आपली तूरडाळ? आपल्या शेतातली तूर पुरली नाही की म्यानमार आणि आफ्रिकेतूनही तूर येते!

तेव्हा आता वाण्याकडे गेलात की विचारा, “काका, ही तूर कुठली हो?” काका “लातूरची” म्हणाले तर छानच. आणि “मोझांबिकची” म्हणाले, तर घरी येऊन नकाशा उघडा. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, खालच्या बाजूला बोट ठेवा. तुमचं वरण तिथून निघालंय!