मोडलेली प्रतिकृति

सहा महिने खपून, फुटास अर्धा इंच या प्रमाणानें घडविलेलें लांकडी देऊळ मांजराच्या एका उडीनें कोसळलें, कीं घरांतील मंडळी मांजरावर धांवतात. आमच्या मतें केरसुणीनेंच अधिक घात होतो! कळसाची नखाएवढी ढलपी केरांत गेली तर पुन्हां कोरावी लागते. म्हणून आधीं सर्व तुकडे ताटांत वेंचावे. त्या दिवशीं कर्त्याचा हात कांपत असतो; ताट झांकून ठेवावें, आणि ‘दुसरें कर’ असें त्यास कोणी म्हणूं नये. तुटलेल्या कडा कानशीनें घासूं नयेत. भंगाचे दांते एकमेकांत नेमके बसतात. भिजविलेला सरस विस्तवावर न ठेवितां कढत पाण्यांत भांडें ठेवून पातळ करावा. अति तापल्यास त्याचा चिकटपणा जातो. जोड वांकडा बसलाच तर ऊन पाण्यानें सुटतो, एवढ्यासाठींच आम्हांस सरस प्रिय आहे.