बारावीनंतर बी.ए. इतिहास : आधी एवढं समजून घ्या

मुलगी म्हणते इतिहास घ्यायचा, अब्बा विचारतात, "त्यात नोकरी कुठंय?" प्रश्न रास्त आहे. नुसत्या बी.ए.वर नोकरी अवघडच. पण पुढे बी.एड., किंवा एम.ए. करून नेट-सेट, किंवा एमपीएससी-यूपीएससी, हे रस्ते आहेत.

आमगावात भवभूती महाविद्यालय आहे, नागपूर विद्यापीठाशी संलग्न. घरून जाऊन शिकता येतं, हॉस्टेलचा खर्च वाचतो. मात्र इतिहास ‘मेजर’ म्हणून मिळतो का, ते ऑफिसात आधी विचारा. नव्या धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी. मध्येच निकाह ठरला तरी मिळवलेले क्रेडिट लगेच बुडत नाहीत, पुन्हा प्रवेश घेता येतो. आयांनी हे लक्षात ठेवावं.

उर्दू माध्यमाची मुलं मराठीत पेपर लिहायला घाबरतात. रोज दोन पानं लिहा, सहा महिन्यांत हात बसतो. उलट तुमच्याकडे एक जास्तीची चावी आहे. मुघल आणि आदिलशाहीची बरीच कागदपत्रं फारसीत आहेत, आणि ती लिपी उर्दूवाल्यांना ओळखीची. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं वाचूनच मराठ्यांच्या इतिहासावर लिहिलं. आणि नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह मुसलमान झाला होता, हे आपल्या किती घरांत माहीत आहे?

टीसी, मार्कशीट, आधार आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. बिरादरी ओबीसीत असेल तर जातीचा दाखलाही. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना तेच लागतात.