हजार सागरी मैलांवरची नोंद

लाँग रेंज आयडेंटिफिकेशन अँड ट्रॅकिंग, थोडक्यात एलआरआयटी, ही खोल समुद्रातल्या जहाजाची ओळख आणि ठिकाण उपग्रहामार्फत सरकारांना कळवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने मे २००६ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेच्या ‘सोलास’ करारात तिची तरतूद केली आणि २००८ च्या अखेरीपासून ती जहाजांवर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आंतरराष्ट्रीय सफरीवरची प्रवासी जहाजे, ३०० टनांपासून पुढची मालवाहू जहाजे आणि समुद्रातले फिरते खोदकाम तराफे तिच्या कक्षेत येतात. उरणजवळच्या मोरा बंदरासमोरून न्हावा-शेव्याला जाणारे परदेशी कंटेनर जहाज त्यात बसते. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणारी लाँच बसत नाही.

जहाजावरचे यंत्र माणसाने हात न लावता तीनच गोष्टी पाठवते: जहाज कोणते, कुठे आहे, आणि ती जागा कधीची. माल, खलाशी, पुढचे बंदर यांबद्दल अवाक्षर नाही. एरवी ही नोंद सहा तासांनी एकदा जाते. मागणी झाल्यास दर पंधरा मिनिटांनीही मिळते. १५ नॉट वेगाचे जहाज सहा तासांत ९० सागरी मैल कापते, म्हणून टक्कर टाळायला या नोंदीचा उपयोग नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून निघालेले एमएससी चित्रा आणि आत येणारे खलीजिया-३ मुंबई बंदराच्या तोंडाशी आदळले, कंटेनर पाण्यात पडले, तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्यापर्यंत गेला. अशा ठिकाणी रडार, बंदराचा वाहतूक कक्ष आणि एआयएस ही जहाजांची स्वयंचलित ओळख यंत्रणा हेच कामाचे. एआयएस काही सेकंदांनी रेडिओवर उघडपणे बोलते आणि कोणालाही ऐकू येते, पण त्याचा पल्ला काही डझन मैलांचाच.

एलआरआयटीची माहिती मात्र बंद दाराआड फिरते. भारतीय ध्वजाच्या जहाजाची नोंद मुंबईत नौवहन महासंचालनालयाच्या राष्ट्रीय माहिती केंद्रात येते. दुसऱ्या देशाने मागितली तर ती आंतरराष्ट्रीय विनिमय केंद्रातून जाते. २०११ पासून ते लिस्बनच्या युरोपीय सागरी सुरक्षा संस्थेकडे आहे. हे केंद्र टपाल कचेरीसारखे पत्ता वाचते, पाकीट फोडत नाही. ध्वजाच्या देशाला आपले जहाज जगात कुठेही दिसते. ज्या बंदरात ते जाणार, त्या देशालाही दिसते. नुसते जवळून जात असेल तर किनाऱ्यापासून १,००० सागरी मैलांपर्यंतच त्या देशाचा हक्क, आणि सुरक्षेचे कारण देऊन ध्वजाचा देश तोही नाकारू शकतो. नोंदीचे पैसे मागणाऱ्याने भरायचे. शोध आणि बचावासाठी मात्र ती फुकट. नियमांतली सर्वांत शहाणी तरतूद बहुधा हीच.

अडचण जहाज मुके झाल्यावर कळते. ओमानजवळ खलाशांनी सोडलेले पवित हे तेलवाहू जहाज पावसाळी समुद्रात वाहत येऊन ३१ जुलै २०११ रोजी जुहूच्या वाळूत रुतले, तोवर कोणाच्याच ते लक्षात आले नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये रायगडमध्येच, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला, लेडी हान ही खासगी नौका लागली. तीत तीन एके-४७ सापडल्या आणि जिल्हाभर धावपळ उडाली. हिचेही खलाशी ओमानजवळच उतरवून घेतले होते. अशी नौका मुळात एलआरआयटीच्या यादीतच नसते.

छोट्या नावेचा धोका त्याआधी, नोव्हेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यासाठी झालेल्या कुबेर या मच्छीमार बोटीच्या अपहरणाने दाखवला होता. पुढे वीस मीटरहून मोठ्या बोटींना एआयएस सक्तीचे झाले. त्याहून लहान बोटींचा प्रश्न बराच काळ लोंबकळला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मच्छीमार बोटींवर इस्रोने विकसित केलेले एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. हे यंत्र दोन्ही बाजूंनी चालते: तांडेलाला संकटाचा संदेश धाडता येतो, आणि वादळाचा इशारा, मासळीची ठिकाणे, सागरी हद्द जवळ आल्याची सूचना त्याला बोटीवरच मिळते.