नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

नव्वदच्या दशकात मी ओडिशातील एका जिल्ह्यात काम करीत असताना आमच्या कार्यालयातील एक लिपिक ऐन चाळिशीत वारले. मागे वृद्ध आई, पत्नी आणि दोन मुली. भविष्य निर्वाह निधीची रक्कम पत्नीला विनासायास मिळाली. बँकेतील मुदत ठेव मात्र थोरल्या भावाच्या हाती गेली. लग्नापूर्वी भरलेल्या अर्जात नॉमिनी म्हणून त्यांचेच नाव होते. ती बाई अर्जाची प्रत घेऊन माझ्याकडे आली. मी ती वाचली आणि म्हणालो, ‘‘इथे तुमच्या दिरांचे नाव आहे. आता काही करता येणार नाही.’’

माझे हे उत्तर चुकीचे होते. काही महिन्यांनी सरकारी वकिलांशी सहज बोलताना ते मला उमगले. तोवर ठेवीतला बराच पैसा खर्च होऊन गेला होता.

बचतीच्या परिभाषेत इतका परिचित आणि इतका गैरसमज झालेला दुसरा शब्द नसेल. बोलताना आपण सर्रास म्हणतो, ‘वारस म्हणून मुलाचे नाव लावले आहे.’ वस्तुतः नॉमिनी, म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती, ही बँकेच्या सोयीसाठी असते. खातेदाराच्या पश्चात पैसे कोणाच्या हाती दिले म्हणजे बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होईल, एवढ्याच प्रश्नाचे ते उत्तर आहे. ते पैसे अंतिमतः कोणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. नॉमिनी हा त्या रकमेचा विश्वस्त, मालक नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार स्पष्ट केले आहे. 1984 साली आयुर्विम्याबाबत, 2000 साली राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांबाबत, 2010 साली बँक ठेवींबाबत आणि 2023 साली कंपन्यांच्या समभागांबाबत. हिंदू वारसा कायदा, 1956 अन्वये मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची पत्नी, मुले, मुली आणि आई या प्रथम श्रेणीच्या वारस आहेत. त्यामुळे आमच्या लिपिकाच्या स्वकष्टार्जित ठेवीचे चार समान हिस्से व्हायला हवे होते: आई, पत्नी आणि दोन्ही मुली यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश. भावाचा त्यात वाटा नव्हता. नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव असते, तरीही आईचा हिस्सा बुडाला नसता, हेही ध्यानात घ्यावे.

गोंधळ वाढतो तो प्रत्येक बचत साधनाचा नियम निराळा असल्यामुळे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत विवाहापूर्वीचे नामनिर्देशन विवाहानंतर आपोआप रद्द ठरते. सरकारी नोकरांच्या निधीतही कुटुंबाला असेच संरक्षण आहे. बँकेच्या ठेवीत तसे नाही. जुने नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. विमा कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन आईवडील, पती वा पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर त्यांना ‘लाभाधिकारी’ मानले गेले. पण त्यामुळे इतर वारसांचा हक्क संपतो काय, यावर उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. याउलट 1874 चा विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा पाहा. पतीने त्या कायद्याखाली पत्नी वा मुलांच्या हितासाठी घेतलेली पॉलिसी हा न्यासच ठरतो आणि पतीच्या धनकोंनाही तिला सहसा हात लावता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीची ही तरतूद आजच्या अनेक तरतुदींहून अधिक स्पष्ट आहे. विमा घेताना मात्र तिची आठवण क्वचितच करून दिली जाते.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवीसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि प्रत्येकाचा टक्काही ठरवता येतो. सोय चांगली आहे. परंतु टक्के लिहिल्यामुळे आपण वाटणीच करून ठेवली, असा समज अधिक दृढ होण्याचा धोका आहे.

वाटणी करायची तर मृत्युपत्रच हवे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि त्यांनीही सही करावी, एवढे सामान्यतः पुरते. कराची धास्तीही नको: मृत्यूनंतरच्या संपत्तीवरील कर 1985 सालीच रद्द झाला आहे. मृत्युपत्रातील आणि नामनिर्देशनातील नावे जुळती ठेवावीत, आणि लग्न, अपत्यजन्म वा घरातील मृत्यू यानंतर दोन्ही पुन्हा तपासावीत.

सरकारने आणि नियामकांनीही एक काम करावे. नामनिर्देशन करा, असा आग्रह आपण ठेवीदारांना सतत करतो; त्याचा अर्थ मात्र सांगत नाही. प्रत्येक अर्जावर, ठेवीदाराच्या भाषेत, सहीच्या जागेच्या वर एक ओळ छापावी: ‘ही व्यक्ती रक्कम स्वीकारील, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरेल.’ विम्यासारखा अपवाद असेल तर तोही तेथेच नमूद करावा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

तशी ओळ त्या अर्जावर असती, तर त्या बाईला माझ्यासारख्या अधिकाऱ्याच्या अज्ञानावर विसंबावे लागले नसते.